बोटभर शिपाई आणि रंगवणारा हात



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही मित्रांनी आमच्यापाशी शंका काढली. कामगार चळवळीतल्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाई भत्त्यावर बोलावे. हा खेळण्यातल्या शिपायांवर काय बोलणार? शंका रास्त आहे. परंतु श्रमाचा हिशेब मांडणे हा आमचा रोजचा उद्योग आहे, आणि तो हिशेब गिरणीत मांडता येतो तसा खेळण्यातही मांडता येतो. या शिपायांच्या बाबतीत तर एक मोठी चमत्कारिक गोष्ट घडली आहे. बोटाच्या दोन पेरांएवढा शिपाई, केसासारख्या टोकाचा कुंचला आणि रंगाच्या चार वाट्या, एवढ्याच सामग्रीवर एका काळी हजारो बायकांनी पोटासाठी मजुरी केली. आणि आज त्याच सामग्रीवर हजारो माणसे पदरचे पैसे खर्चून, रात्री जागून, आनंदाने तेच काम करीत आहेत. काम एकच असताना ते एकाला ओझे का आणि दुसऱ्याला विसावा का, एवढाच प्रश्न आज आम्हांला आपल्यापुढे ठेवायचा आहे.

प्रथम हा खेळ काय आहे ते थोडक्यात सांगतो. मोठे टेबल घ्यायचे, त्यावर टेकड्या, झाडे, घरे मांडायची. रंगवलेला भुसा चिकटवून गवत करायचे. आपल्याकडे दिवाळीत मुले किल्ला करतात आणि त्यावर अळीव पेरून हिरवळ उगवतात, त्याच जातीची ही हौस. फरक इतकाच की इथे किल्ला करणारी मंडळी चाळिशी-पन्नाशीची असतात. दोन्ही बाजूंनी शिपायांच्या पलटणी उभ्या राहतात. पलटण किती पुढे सरकली ते पट्टीने मोजतात आणि गोळी लागली की नाही ते फाशांवर ठरवतात. बुद्धिबळाचे हे चुलत भावंड म्हणा. मात्र याला घरे आखलेला पट नाही.

याचा उगम लष्करी आहे. प्रशियात फॉन राइसविट्स नावाच्या गृहस्थाने १८१२ च्या सुमारास असा खेळ राजाला दाखवला आणि त्याच्या लष्करी अधिकारी असलेल्या मुलाने १८२४ साली त्याचे नियम छापून काढले. नकाशावर तांबडे-निळे ठोकळे सरकवून अधिकाऱ्यांना लढाईचे शिक्षण द्यावे हा हेतू होता. तो खेळ सामान्य माणसाच्या दिवाणखान्यात आणण्याचे पुष्कळसे श्रेय एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाकडे जाते. ‘लिटल वॉर्स’ हे त्याचे पुस्तक १९१३ साली निघाले. हा वेल्स पोरवयात कापडाच्या दुकानात उमेदवारी करून आलेला. दिवसाचे तेरा तास उभे राहणे म्हणजे काय हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. पुढे तो समाजवादी झाला. त्याच्या खेळात शिशाचे शिपाई जमिनीवर मांडीत आणि स्प्रिंगच्या छोट्या तोफेतून लाकडी गोळे मारून त्यांना आडवे करीत. पुस्तकाच्या शेवटी त्याने जे मांडले त्याचा मथितार्थ असा, की खऱ्या युद्धापेक्षा हे खेळातले युद्ध कितीतरी शहाणपणाचे आहे, यात कोणाचा मुलगा मरत नाही. दुसऱ्याच वर्षी, १९१४ साली, युरोपात महायुद्ध पेटले.

आता शिपाई येत कोठून ते पाहू. जर्मनीतील न्यूरेंबर्ग हे या धंद्याचे जुने माहेर. तिथे कथलाचे चपटे शिपाई ओतीत. हाइनरिखसन नावाच्या कारखानदाराने १८४८ साली शिपायाची उंची सुमारे तीस मिलिमीटर ठरवून दिली आणि तेच माप पुढे रूढ झाले. मार्क्स आणि एंगल्स यांचा जाहीरनामाही त्याच वर्षीचा. कारखान्यात ओतलेले हे शिपाई रंगवण्यासाठी घरोघर जात. दिव्याच्या उजेडात बायका-मुले ते रंगवीत आणि नगावर मोजून मजुरी घेत.

नंतर इंग्लंडात विल्यम ब्रिटन याने १८९३ साली पोकळ शिपाई काढला. युक्ती साधी होती. शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला रस साच्यात ओतायचा आणि साच्याला लागलेला पातळ थर गोठला की उरलेला रस लगेच परत ओतून घ्यायचा. आत पोकळ, बाहेर पूर्ण शिपाई. धातू वाचला, किंमत उतरली, आणि आठ पायदळ किंवा पाच घोडेस्वारांची पेटी एका शिलिंगाला मिळू लागली. जर्मन मालाला त्याने इंग्लंडच्या बाजारातून मागे रेटले. या कारखान्याच्या पेट्यांत बॉम्बे लान्सर्सचे घोडेस्वार होते, बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीचे शिपाईही होते. म्हणजे आपल्याकडून भरती झालेल्या जवानाची बाहुली लंडनची बाई रंगवी आणि ती इंग्रज साहेबाच्या मुलाच्या फरशीवर उभी राही. साम्राज्य म्हणजे काय हे समजून घ्यायला एवढी एक पेटीही पुरी आहे.

ब्रिटनच्या कारखान्यातही रंगकाम बहुतेक बायका आणि मुलीच करीत. एक शिपाई हाती घेऊन तो पुरा करायचा अशी रीत धंद्यात परवडत नाही. आधी साऱ्यांचे कोट, मग साऱ्यांच्या विजारी, मग साऱ्यांचे चेहरे. कोट रंगवणारी दिवसभर तांबडा रंग पाही. त्या काळच्या रंगात शिसे असे आणि शिपायातही शिसेच. पुढे शिशाच्या खेळण्यांचा धोका लोकांच्या ध्यानात आला, प्लास्टिक स्वस्त झाले, आणि १९६६ साली ब्रिटनने पोकळ शिपाई ओतणे बंद केले. त्याच सुमारास प्लास्टिक शिपायांचे काम हाँगकाँगकडे वळले. बोटे बदलली, देश बदलला. मजुरी नगावरच राहिली.

आता दुसरी बाजू पाहा. एअरफिक्स या इंग्रज कंपनीने १९५९ पासून इंचभरही उंच नसलेले प्लास्टिकचे शिपाई बाजारात आणले. ते रंगवलेले नसत. पेटीत डझनावारी शिपाई आणि किंमत अगदी थोडी, त्यामुळे सामान्य पगारदारालाही घरी फौज उभी करता येऊ लागली. डोनाल्ड फेदरस्टोन याचे ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक १९६२ साली निघाले आणि त्याने या हौसेला वळण लावले. हा गृहस्थ साउदॅम्प्टनच्या फुटबॉल संघाकडे खेळाडूंचे स्नायू चोळून बरे करण्याच्या नोकरीवर होता. दिवसा लोकांचे पाय, रात्री आपली फौज. फेदरस्टोन आणि त्याच्यासारख्या मंडळींची अडचण अशी, की हवी ती पलटण बाजारात मिळत नसे. मग त्यांनी सुरी हाती घेतली. अमेरिकेच्या यादवी युद्धातला शिपाई घ्यायचा, त्याला नवा रंग द्यायचा, टोपी थोडी तासायची आणि १८७० च्या फ्रेंच-प्रशियन युद्धात उभा करायचा. एकाचे डोके कापून टाचणीच्या आधाराने दुसऱ्याच्या धडावर बसवायचे. हात गरम करून वाकवायचा आणि त्यात बंदुकीऐवजी निशाण द्यायचे. या कलेला ती मंडळी ‘कन्व्हर्शन’ म्हणतात. आपण रूपांतर म्हणू.

पुढे १९७५ साली लंडनमध्ये तिघा तरुणांनी गेम्स वर्कशॉप ही कंपनी काढली. आज तिचे मुख्य ठाणे आणि कारखाना नॉटिंगहॅमला आहे. १९८३ साली तिचा ‘वॉरहॅमर’ हा राक्षस-वेताळांच्या लढायांचा खेळ निघाला आणि ही हौस जगभर पसरली. या कंपनीच्या ‘व्हाइट ड्वार्फ’ मासिकात १९८० नंतरच्या दशकात काखेत लावायच्या सुगंधी कांडीच्या रिकाम्या डबीपासून लढाऊ गाडी कशी करावी याचा पाठ छापून आला होता, आणि जुने खेळाडू अजून त्याची आठवण काढतात. वस्तू टाकून देण्यापूर्वी तिच्याकडे एकदा वळून पाहण्याची ही सवय आपल्या आयाबहिणींना कोणी शिकवायला नको.

तथापि या कंपनीच्या धंद्यातली एक गोष्ट आमच्यासारख्याच्या नजरेतून सुटत नाही. आज कारखान्यातून बाहेर पडतो तो शिपाई राखी रंगाचा, न जोडलेला, चौकटीला चिकटलेल्या तुकड्यांचा असतो. ब्रिटनच्या कारखान्यातले रंगाचे खाते इथे नाहीच. जोडणी आणि रंग ही दोन्ही कामे गिऱ्हाइकाच्या घरी गेली. गिऱ्हाईक त्याची मजुरी मागत नाही. उलट रंग, कुंचले आणि चाकू यांचे पैसेही तोच मोजतो. पगार बुडवणारे मालक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत, पण कामाचे पैसे कामगाराकडूनच घेऊन त्याला खूष ठेवणारा मालक आमच्या उभ्या आयुष्यात आम्हांला भेटला नव्हता. आता हे गिऱ्हाईक मूर्ख आहे काय? मुळीच नाही. ते का खूष आहे हे समजण्यासाठी ते काम करते काय ते नीट पाहिले पाहिजे.

प्रथम साच्याची जी रेघ अंगावर राहते ती पात्याने खरवडायची. शिपाई बाटलीच्या बुचावर चिकटवायचा, म्हणजे बोट रंगाला लागत नाही. अस्तराचा एक हात द्यायचा. त्यावाचून रंग धरत नाही. मग मूळ रंग. खरी खुबी यापुढे आहे. खरा माणूस उन्हात उभा राहिला की त्याच्या कोटाच्या चुण्यांत सावली पडते. बोटभर शिपायाच्या चुण्या इतक्या उथळ असतात की हातभर अंतरावरून त्यांतली सावली दिसत नाही आणि शिपाई सपाट, निर्जीव वाटतो. म्हणून सावली रंगाने घालावी लागते. पाण्यासारखा पातळ, गडद रंग अंगावर सोडला की तो आपोआप खळग्यांत उतरतो. मग फिकट रंगात कुंचला बुडवून तो फडक्यावर जवळजवळ कोरडा करायचा आणि अंगावरून हलकेच फिरवायचा, उंचवटे उजळतात. तांबड्या कोटावर उजेड दाखवायचा तर तांबड्यात पांढरा मिसळून भागत नाही, कोट गुलाबी होतो. नारिंगी घ्यावा लागतो. सर्वांत अवघड डोळे. श्वास रोखून पांढरा ठिपका आणि त्यात काळा ठिपका. ठिपका जरा चुकला की शूर सेनापती तिरळा दिसतो.

रूपांतराचे काम याहून कसबाचे. कापलेल्या सांध्यात मिलिमीटरभर भोक पाडून तारेचा तुकडा घालतात, नाहीतर जोड टिकत नाही. निळ्या आणि पिवळ्या लांब्यांची एक लुकण मिळते. दोन्ही मळून एक केल्या की ती हिरवी होते आणि काही तासांत दगडासारखी घट्ट बनते. त्या अवधीत ओल्या हत्याराने तिचा झगा करा, पट्टा करा, दाढी करा. राळेचा शिपाई घासताना नाकातोंडावर धूळ अडवणारा मुखवटा लावावा, ती धूळ फुफ्फुसाला वाईट. ही सूचना मात्र आमच्या धंद्यातली समजा.

येथे आम्हांला विल्यम मॉरिसची आठवण होते. हा इंग्रज कवी, कारागीर आणि समाजवादी. ‘उपयुक्त काम आणि निरर्थक कष्ट’ अशा आशयाचे त्याचे एक व्याख्यान १८८४ सालचे आहे. त्यात तो म्हणतो, करण्यालायक कामात माणसाला तीन आशा असाव्या लागतात: विश्रांतीची आशा, आपल्या हातून घडणाऱ्या वस्तूची आशा, आणि काम करतानाच मिळणाऱ्या आनंदाची आशा. या तीन कसोट्या दोन्ही कामांना लावून पाहा. लंडनच्या बाईला विश्रांतीची आशा नव्हती, कारण मजुरी नगावर. हात थांबला की पैसा थांबला. वस्तूची आशा नव्हती, कारण पेटी भरली की ती दुसऱ्याची. आणि आनंद? हजाराव्या तांबड्या कोटात आनंद कोठून असणार! हौशी माणसाचे पाहा. कंटाळा आला की तो कुंचला धुऊन झोपतो. शिपाई त्याच्याच कपाटात राहतो. कोट तांबडा की हिरवा, हे तोच ठरवतो. कुंचला तोच, शिपाई तोच. वेळेची आणि वस्तूची मालकी फिरली आणि निर्णय कामगाराच्या हाती आला, एवढ्यानेच कष्टाचे काम झाले.

याचा उलटा पुरावाही हौशी मंडळींच्याच घरात सापडतो. ज्याला साठ शिपायांची पलटण लवकर उभी करायची असते तो साठही ओळीने मांडतो आणि आधी साठ कोट, मग साठ विजारी असे रंगवीत जातो. कोणी जबरदस्ती केलेली नसते, तरी विसाव्या कोटापाशी तो जांभया देऊ लागतो. कपाटात न रंगवलेल्या शिपायांचे राखी ढीग साठतात आणि त्यावरून ही मंडळी एकमेकांची थट्टा करतात. ॲडम स्मिथने १७७६ साली टाचणीच्या कारखान्यातील श्रमविभागणीचे कौतुक केले; तो कारखाना घरच्या टेबलावर आणला तर आपल्याच मालकीचे कामही जड होते. मग हा माणूस काय करतो? साठांतला एक शिपाई उचलतो, त्याचे डोके वळवतो, हातात ढोल देतो, पायाला पट्टी बांधतो. साच्यातून साठ सारखे निघाले होते, त्यांत आता हा एक वेगळा झाला. हात पुन्हा चालू लागतो. आमच्या मते रूपांतराचे सारे मर्म यात आहे. साचा जे ठरवून पाठवतो त्यात आपले काही ठरवावे, ही भूक माणसाच्या बोटांत असते. आणि जिथे ती भागत नाही तिथे पगार वाढवूनही काम गोड होत नाही. पगार वाढवू नये असा याचा अर्थ कोणी काढू नये!

आता मुद्द्याची गोष्ट. १९८७ पासून गेम्स वर्कशॉप ‘गोल्डन डेमन’ नावाची रंगकामाची स्पर्धा भरवीत आली आहे. शिपायाच्या डोळ्यातला ठिपका, कोटाच्या घडीवरचा उजेड यांची तिथे परीक्षा होते, बक्षिसे मिळतात, विजेत्याला लोक कलावंत म्हणतात. आम्हांला त्याचा आनंद आहे. पण मग आमचा प्रश्न असा, की हेच ठिपके दिवसाला शेकड्यांनी देणारी ती बाई कोण होती? तिच्या कामाला ‘बायकांच्या नाजूक बोटांचे काम’ म्हटले गेले. आणि नाजूक बोटांचे काम म्हणजे सोपे काम आणि सोपे काम म्हणजे स्वस्त काम, हा हिशेब मजुरीच्या वाटाघाटीत आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे की तो आम्हांला तोंडपाठ आहे. विडी वळणाऱ्या बाईच्या बाबतीत हाच, शिवणाऱ्या बाईच्या बाबतीत हाच. बोटांचे कसब लहानपणी घरी शिकले म्हणून ते कसबच नव्हे, असे कसे? त्या कसबाला किती वर्षे लागतात याची साक्ष आज हे हौशी रंगारी देत आहेत. दहा-दहा वर्षे बसून ते जे शिकतात ते फुकटचे नाही, हे त्यांना ठाऊक आहे. ही साक्ष कामगारांच्या बाजूने कागदावर यावी असे आम्हांला वाटते.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. ज्याला रंगवायला वेळ नाही पण रंगवलेली फौज हवी आहे, असा सुखवस्तू खेळाडू आता पैसे देऊन काम करून घेतो. युरोप-अमेरिकेत कोणी घरी बसून असे काम घेतो, तर श्रीलंकेत कार्यशाळा आहेत आणि तिथून रंगवलेल्या फौजा परदेशी जातात. दर पुन्हा नगावर आला. नगावर दर असणे हे आपोआप पाप नव्हे. पण एका नगाला दोन तास लागत असतील तर त्या दोन तासांची मजुरी नगाच्या दरात बसली आहे काय, नापास झालेल्या नगाचा भुर्दंड कोणावर, रंग कोणाचा, कामात खंड पडला तर जेवण कोणाकडे, हे चार प्रश्न विचारल्यावाचून तो दर न्याय्य म्हणता येत नाही. आपल्याकडे १९६६ साली विडी व सिगार कामगारांचा कायदा झाला आणि घरी बसून विडी वळणारी बाईही कायद्याने कामगार ठरली, ती हेच प्रश्न वर्षानुवर्षे विचारल्यामुळे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनेही १९९६ साली घरखेप कामगारांसाठी करार केला आणि त्यांना इतर मजुरांच्या बरोबरीने वागवावे हे तत्त्व मांडले. तत्त्व मांडले गेले. ते हातात पडणे संघटनेवाचून होत नाही.

एक आक्षेप राहिला. शिपायांशी खेळून युद्धाची गोडी लागत नाही काय? वेल्सचे उत्तर वर दिले आहे. आम्ही इतकेच जोडू, की एक शिपाई रंगवण्यास दोन रात्री ज्याने घालवल्या, त्याला फाशाच्या एका दानाने तो आडवा झाला की हळहळ वाटते. खऱ्या शिपायाच्या मागे त्याच्या आईची वीस वर्षे असतात. हा हिशेब ज्याला टेबलावर कळला तो युद्धज्वराला सहसा बळी पडणार नाही, अशी आमची आशा आहे. आशाच म्हणतो, सिद्धान्त म्हणत नाही. कारण प्रशियाचे अधिकारीही हाच खेळ खेळत होते.

समारोप करतो. मॉरिसने ते व्याख्यान दिले त्याच १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून आठवड्याच्या सुट्टीची मागणी केली. ती रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मान्य झाली. पुष्कळांना वाटते की सुट्टी म्हणजे थकलेल्या देहाला झोप. झोप तर हवीच. पण लोखंड्यांनी मिळवलेला रविवार हा माणसाने आपल्या हाताने, आपल्या मनासारखे काही करण्याचाही दिवस आहे; मग तो शिपाई रंगवो, तबला वाजवो, की मुलांबरोबर चिखलात किल्ला करो. दिवाळीचे किल्ले आता बाजारात तयार मिळतात. ते घेऊ नका असे आम्ही सांगणार नाही, कारण तेही कोणीतरी मजुरीवर केलेले असतात आणि त्यालाही दिवाळी आहे. मात्र घेताना त्याचा दर पाडू नका, आणि शक्य तर एखादा बुरूज घरच्या पोराच्या हातचा ठेवा. करणाऱ्याच्या हाताला दाम मिळावा आणि प्रत्येक हाताला आपल्या मर्जीचे काही करण्याइतका वेळ मिळावा, या दोन्ही मागण्या एकच आहेत.